पोटाची पुडी आणि जंतूंची कॉपी

अँटिबायोटिक लिहून झालं, कागद हातात दिला, की खुर्चीतून उठता उठता हमखास एक प्रश्न येतो. "अन् ते पोटाची पुडी नाही लिवली काजी, सायेब?" देवळीकडच्या शेतकऱ्यापासून वर्धा शहरातल्या शिक्षिकेपर्यंत सगळ्यांना ही पुडी आता ठाऊक झाली आहे. प्रोबायोटिक हा शब्द तोंडात बसला नसेल, पण "अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतू मरतात, पुडीनं ते परत येतात" हे गणित पाठ आहे. मीसुद्धा ही पुडी अनेक वर्षं हात न थबकता लिहिली. आता थबकतो. लिहीतच नाही असं नाही, पण कोणाला, कोणती आणि कशासाठी, हे आधी विचारतो.

कारण पोटातले जंतू नुसते जगत-मरत नाहीत, ते एकमेकांना जनुकं देतात. औषधाला दाद न देण्याची विद्यासुद्धा याच मार्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते. आपण पुडीतून कोट्यवधी जिवंत पाहुणे त्या घोळक्यात सोडतो, तेव्हा ही देवाणघेवाण थांबते की वाढते? हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल, आणि सुरुवात आपल्या जिल्ह्याशी नातं असलेल्या एका घटनेपासून करता येईल.

फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी आणि कस्तुरबा कैदेत होते. कस्तुरबांचं हृदय थकलेलं, त्यात फुप्फुसांत न्यूमोनिया. धाकटे चिरंजीव देवदास यांनी धडपड करून कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन मागवलं. त्या काळी हे औषध म्हणजे सोन्याहून दुर्मीळ वस्तू, मुख्यतः लष्करासाठी राखलेली. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला समजावलं की तिला आता त्रास देऊ नको. औषध आलं, पण दिलं गेलं नाही. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबा गेल्या. तिथे शुश्रूषा करणाऱ्यांत एक तरुण डॉक्टर होत्या, सुशीला नय्यर, त्याही कैदेतच. पुढे सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं आणि १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुशीलाबहेनजींनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. वर्ध्यातल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी तिथे दाखल झालेलं असतं, त्यामुळे त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

पेनिसिलीन न देण्याचा तो निर्णय बरोबर की चूक, यावर आजही लोक तावातावाने बोलतात. त्या हृदयाला पेनिसिलीनने फार उभारी दिली असती असं मला वाटत नाही, पण आजचा विषय तो नाही. आजचा विषय असा, की नेमक्या त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी या तिघांचा एक शोधनिबंध छापून आला, आणि तोही न्यूमोनियाच्याच जंतूबद्दल होता.

त्याची पार्श्वभूमी १९२८ ची. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ या डॉक्टरांनी उंदरांना दोन गोष्टी एकत्र टोचल्या. एक, न्यूमोनियाच्या जंतूची निरुपद्रवी जात, जिवंत. दुसरी, त्याच जंतूची मारक जात, पण उष्णतेने मारून टाकलेली. दोन्ही वेगवेगळ्या टोचल्या तर उंदराला काही होत नव्हतं. एकत्र टोचल्यावर उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात मारक जातीचे जंतू सापडले, जिवंत. मेलेल्याचा गुण जिवंताने उचलला होता! तो गुण वाहून नेणारा पदार्थ कोणता, याचं उत्तर एव्हरींच्या निबंधात होतं: डीएनए.

म्हणजे जंतूंना मारणारं औषध जगाच्या हाती येत होतं त्याच वेळी, जंतू एकमेकांना गुण देऊ शकतात हेही सिद्ध होत होतं. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जोशुआ लेडरबर्ग या एकवीस वर्षांच्या पोराने एडवर्ड टेटम यांच्याबरोबर दाखवलं की जिवंत जंतूही एकमेकांना चिकटून जनुकं देतात. त्यासाठी वापरलेला जंतू होता ई. कोलाय, तुमच्या-माझ्या आतड्यातला रोजचा रहिवासी. डीएनएच्या ज्या छोट्या, सुट्या कड्या अशा इकडून तिकडे जातात, त्यांना पुढे लेडरबर्गनेच प्लाझ्मिड हे नाव दिलं.

रुग्णांना हे समजावताना मी परीक्षेतली कॉपी आठवायला सांगतो. प्लाझ्मिड म्हणजे उत्तराची चिठ्ठी. देणारा आधी चिठ्ठीची नक्कल काढतो, एक स्वतःकडे ठेवतो आणि एक शेजारच्या बाकावर सरकवतो. म्हणून देणाऱ्याचं काहीच जात नाही, आणि थोड्या वेळात अख्ख्या रांगेकडे उत्तर असतं. आपल्या माणसांत जनुकं येतात ती आईबापाकडून, संगतीने लागतात त्या सवयी. जंतूंच्या जगात संगतीने जनुकंही लागतात. आणि शेजारी त्याच जातीचा असावा अशीही अट नाही.

ही चिठ्ठी माणसाच्या पोटातच फिरते आहे, हे जगाला जपानी डॉक्टरांनी दाखवलं. महायुद्धानंतर जपानमध्ये हगवणीने कहर केला होता. शिगेला नावाच्या जंतूची, रक्त पडणारी हगवण. आधी सल्फाची औषधं चालली, मग ती लागू पडेनाशी झाली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे रुग्ण दिसू लागले, ज्यांचा जंतू या चारही औषधांना एकदम दाद देत नव्हता. एकेका औषधाला जंतू हळूहळू सरावतो हे ठाऊक होतं, पण चारांना एकाच वेळी? त्यातून काही रुग्णांच्या शौचात तपासलेला साधा ई. कोलायही त्याच चार औषधांना पुरून उरत होता. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवून दिलं की हा प्रतिकार ई. कोलायकडून शिगेलाकडे सरकतो. चारही उत्तरं एकाच चिठ्ठीवर लिहिलेली होती. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये हे सगळं इंग्रजीत विस्ताराने मांडलं, तेव्हा कुठे पाश्चात्त्य जग खडबडून जागं झालं.

या गोष्टीतला खरा धक्का मला आजही जाणवतो. ज्या ई. कोलायने त्या रुग्णांना कधी त्रास दिला नव्हता, त्यानेच घात केला. निरुपद्रवी जंतू चिठ्ठी सांभाळून बसला होता, आजाराचा जंतू आला तेव्हा त्याने ती पुढे सरकवली. म्हणून "चांगले जंतू" आणि "वाईट जंतू" ही विभागणी मला फारशी पटत नाही. चांगला जंतूही चिठ्ठी बाळगू शकतो.

आपल्याकडचं उदाहरण जवळचंच आहे. कार्बापेनेम ही आयसीयूत राखून ठेवलेली औषधं. तीही निकामी करणाऱ्या एनडीएम-१ या जनुकाचं नाव २०१० मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांत झळकलं. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे कार्बापेनेमला न जुमानणारे जे २४ जंतू सापडले, त्यांतल्या २२ मध्ये हे जनुक असल्याचं नोंदवलं. हेही प्लाझ्मिडवर बसून फिरतं. नावात दिल्ली आहे म्हणून तेव्हा बराच राजकीय गदारोळ झाला. जनुकाला त्याचं काही नव्हतं.

आता पुडीकडे येऊ. तिचा इतिहास वेगळ्या वाटेने आला आहे. १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात आपल्या गावाकडच्या दह्यातला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या एली मेचनिकॉफ यांनी ते उचलून धरलं आणि दह्याने आतड्यातलं कुजणं थांबतं, आयुष्य वाढतं, असं जगाला सांगितलं. त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, पण त्या वजनामुळे युरोपात दह्याची लाट आली. ते स्वतः ७१ व्या वर्षी गेले. आपल्या आज्यांनी मेचनिकॉफ न वाचताच विरजण लावलं, ही गोष्ट वेगळी.

मला जास्त आवडते ती आल्फ्रेड निसल यांची कथा. पहिल्या महायुद्धात डोब्रुजाच्या आघाडीवर सैनिक हगवणीने हैराण झाले होते, पण एकाला काहीच झालं नाही. फ्रायबुर्गच्या या डॉक्टरांनी १९१७ मध्ये त्याच्या शौचातून ई. कोलायची एक जात वेगळी काढली. ती आजही कॅप्सूलमधून विकली जाते. १९२० च्या दशकात आँरी बुलार हे फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होते. तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली वापरून जुलाब आवरताना त्यांनी पाहिले, आणि त्या सालींवरून एक यीस्ट वेगळं काढलं. तुमच्या पुडीवर सॅकरोमायसिस बुलार्डी असं काही लिहिलेलं असेल, तर ते हेच. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या दोन वाटा, चिठ्ठीची आणि पुडीची, बराच काळ समांतर चालल्या. मग प्रयोगशाळेत कोणीतरी विचारलं: आतड्यात पाहुणे जंतू सोडले, तर चिठ्ठ्या फिरणं कमी होईल का?

२००७ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी जन्मापासून जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांत हे करून पाहिलं. पोटात एक चिठ्ठी देणारा जंतू, एक घेणारा, आणि काही उंदरांत त्यांच्या जोडीला बिफिडोबॅक्टेरिया, म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात भरपूर असणारे जंतू. बिफिडो असताना प्रतिकाराची देवाणघेवाण कमी झाली. असं होण्यामागे काही साधी कारणं असू शकतात. हे जंतू आम्ल तयार करतात, ते देणाऱ्या-घेणाऱ्यांना मानवत नाही. ते जागा आणि अन्न अडवतात, म्हणून देणारे-घेणारे दोघांची संख्या घटते, आणि गर्दी कमी झाली की गाठभेटीही कमी. काही जाती तर शेजाऱ्याला मारणारी स्वतःची रसायनं सोडतात.

आतड्याची अवस्थाही महत्त्वाची आहे. २०१२ मध्ये झ्युरिकच्या गटाने दाखवलं की उंदराचं आतडं सुजलेलं असताना साल्मोनेला आणि ई. कोलाय दोघेही फोफावतात आणि त्यांच्यातली प्लाझ्मिडची ये-जा कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे जुलाब चालू असतानाचं पोट हा कॉपीसाठी सर्वांत सोयीचा वर्ग. त्यात गरज नसताना अँटिबायोटिक दिलं, तर चिठ्ठी नसलेले मरतात आणि चिठ्ठीवाल्यांना सगळी बाकं मोकळी मिळतात.

इथवर वाचून वाटेल, मग पुडी चांगलीच की! मलाही वाटलं होतं.

पण पुडीतल्या जंतूकडेही चिठ्ठी असू शकते. लॅक्टोबॅसिलस र्‍यूटेरीची एक जात जगभर विकली जात होती. तिच्यात दोन प्लाझ्मिड सापडले, एकावर टेट्रासायक्लिनचा प्रतिकार, दुसऱ्यावर लिंकोमायसिनचा. उत्पादकांनी ते दोन्ही काढून टाकले आणि २००८ मध्ये तिची धुतलेली लेक-जात जगासमोर आणली. प्रामाणिक काम होतं. आपल्या देशात बॅसिलस क्लॉसीच्या छोट्या कुप्या फार खपतात. त्यांतल्या जाती तर अनेक अँटिबायोटिकना टिकतील अशाच निवडलेल्या आहेत, म्हणजे गोळ्यांबरोबर घेतल्या तरी मरू नयेत. त्यांचा प्रतिकार प्लाझ्मिडवर नसून मुख्य गुणसूत्रात आहे, त्यामुळे तो सहज दुसऱ्याकडे जात नाही असं मानलं जातं. तरीही कागदावर जातीचं पूर्ण नाव आणि क्रमांक नसलेल्या स्वस्त पुड्यांबद्दल मी साशंक असतो. बुलार्डी मात्र यीस्ट आहे, जंतूंपेक्षा वेगळ्या कुळातलं. आतड्यातल्या जंतूंशी अशी चिठ्ठ्यांची देवाणघेवाण ते करत नाही.

दुसरी अडचण माणसांवरच्या अभ्यासांतून आली, इस्राएलच्या वाइझमन संस्थेतून. २०१८ मध्ये तिथल्या गटाने दाखवलं की अँटिबायोटिकनंतर ११ जातींचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जंतू परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. पाहुणे ओसरीवर बसले आणि घरचे दाराबाहेर राहिले. २०२१ मध्ये त्यांनी याच प्रश्नाची प्रतिकाराच्या अंगाने पाहणी केली. अँटिबायोटिक न घेतलेल्या आणि प्रोबायोटिक पोटात रुजलेल्या लोकांत प्रतिकाराची जनुकं कमी झाली होती. पण अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्याच्या खालच्या भागात ती वाढली, कारण व्हँकोमायसिनला पुरून उरणारी जनुकं बाळगणारे जंतू फोफावले. त्यातही माणसागणिक फरक. अभ्यास लहान होते, त्यावरून पुडीवर बंदी घालण्याचं कारण नाही. पण आपण ती देतो नेमकी अँटिबायोटिकसोबत, हे विसरता येत नाही.

हे सगळं पॅरिस-झ्युरिकचं झालं. आमच्या भागात प्रश्न जास्त कोवळ्या पोटाचा आहे. दोन-सव्वादोन किलोंची बाळं, पहिल्या महिन्यात होणारा रक्तातला जंतुसंसर्ग, आणि तपासणीच्या अहवालात औषधांपुढे खाली खाली येणारी "रेझिस्टंट"ची रांग. हा अहवाल आईबापांना समजावून सांगणं हे आमच्या धंद्यातलं सर्वांत अवघड काम. म्हणून बाळाच्या पोटात आधीच चांगले जंतू वसवले तर संसर्गच टळेल का, हा प्रश्न इथे नुसता अभ्यासाचा नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे डॉक्टर ज्यात होते अशी एक चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कमी वजनाची १३४० बाळं, आठ जातींचं प्रोबायोटिक, रोज १० अब्ज जंतू, ३० दिवस. संसर्गाचा संशय येण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी दिसलं. पण हा फरक योगायोगानेही आला असेल इतपतच होता, आणि संशोधकांनी ते स्वच्छ लिहिलं. दोन वर्षांनी ओडिशातल्या खेड्यांतून मोठी बातमी आली. ४५५६ नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्याचं खाद्य एक आठवडा दिल्यावर संसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. जात वेगळी, बाळं वेगळी, निकाल वेगळा.

या चाचण्यांचा प्रश्न आजारपणाचा होता, जनुकांचा नव्हता. पण संसर्ग टळला म्हणजे अँटिबायोटिकचा एक कोर्स टळला, आणि चिठ्ठीवाल्यांना मोकळी बाकं मिळण्याची एक संधीही टळली. माझ्या मते प्रोबायोटिकची खरी आशा याच आडवाटेने आहे, जंतूंची कॉपी पकडण्यात तितकी नाही. मात्र हे ऐकून घरच्या घरी बाळाला पुडी पाजू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये, अकाली जन्मलेल्या एका बाळाचा पुडीतल्याच जंतूच्या संसर्गाने मृत्यू झाल्यावर, रुग्णालयांना इशारा दिला आहे. बाळाला आईचं दूध पाजा, बिफिडोंना तेच वाढवतं.

तर आता मी काय करतो? सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिकच लिहीत नाही, त्यामुळे निम्म्या पुड्या तिथेच वाचतात. खरंच अँटिबायोटिक हवं असेल आणि मुलाला आधी त्याने जुलाब झालेले असतील, तर बुलार्डी किंवा र्‍हॅम्नोसस जीजी देतो. गोळ्यांनी होणारे जुलाब त्याने कमी होतात याला बऱ्यापैकी पुरावा आहे. कर्करोगाचं औषध चालू असेल, मोठ्या नसेत नळी असेल, प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर कोणतीच पुडी नाही.

"मग दही चालते काजी?" हा पुढचा प्रश्न. चालते. घरच्या विरजणात कोणते जंतू किती, हे कोणी मोजलेलं नसतं, म्हणून त्याला औषध म्हणता येत नाही. त्यातले बहुतेक आतड्यात मुक्कामही करत नाहीत. पण अन्न म्हणून उत्तम. ताक प्या, कढी करा, तापातही बंद करायचं कारण नाही. फक्त गोळी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनची असेल, तर दह्यातल्या कॅल्शियममुळे औषध पुरतं अंगी लागत नाही. तेव्हा आधी गोळी, आणि दही निदान दोन तासांनी.